खाली

ड्यूटीच्या वहीत सगळं कन्नडातून.
मंजूर परिचारिका चौदा, हजर पाच,
आणि उरलेल्या नऊ ओळींत एकच शब्द, नऊ वेळा:
खाली.

मी तेव्हा नवी. चंदगडकडची, सुळग्यात दिलेली,
अक्षरं लावून लावून वाचायची.
वाटलं, नावं खालच्या ओळीत असतील.
बोट खाली नेत गेले.
पान संपलं, टेबल लागलं.

हेडसिस्टर हसल्या नाहीत.
आमच्यात खाली म्हणजे रिकामी, म्हणाल्या. तुमच्यात?
मी म्हटलं, तळाला.
सांडलेलं जिथं जाऊन साठतं, तिथं.

बायकांच्या खाटा सव्वीस, पुरुषांच्या चोवीस,
मधे बत्तीस पावलांचा व्हरांडा.
मी तिसाव्या खांबाशी स्टूल टाकून बसते
(खांब एवढे नाहीत, रात्री वाटतात).
डाव्या कानात बायका, उजव्या कानात पुरुष.
डॉक्टर बुधवारी येतात आणि शुक्रवारी.
समुपदेशकाच्या खोलीला पाटी आहे,
आत सलाईनची खोकी, एक मोडका पंखा.
कुणाला बोलायचं असेल तर तो पंख्याशी बोलतो.

कधी कधी रात्री दोनला
मी अर्धी गोळी जास्त देते.
फोनवर विचारून देते, चोरून नाही.
वहीत लिहिते: रुग्ण अस्वस्थ.
लिहायला हवं होतं: मी एकटी.
त्या रकान्यात तेवढी जागा नसते.

भरमाण्णा हुक्केरीच्या सोसायटीत क्लार्क होता.
तीन वर्षं झाली, घरचं कुणी न्यायला येत नाही.
औषध कंपनीचं जुनं कॅलेंडर उलटं करून
तो पट्टीशिवाय सरळ रेघा मारतो
आणि दर संध्याकाळी रिकाम्या जागा भरतो.
दार: गंगव्वा.
पाणी: फरीद मुल्ला.
जी रडेल तिच्यापाशी: लगमव्वा.
जागं राहणे: स्वतः.
शेवटी पगाराचा रकाना. निरंक, निरंक, निरंक.
खाली सही. मग माझ्यापुढं धरतो,
सिस्टर, मंजुरी.
पहिल्यांदा मी हसून सही केली.
आता हसत नाही. सही करते.

मार्गशीर्षातली रात्र, दिवे गेलेले.
पुरुषांकडं एकाला आम्ही दोघांनी धरलेलं,
मी आणि झाडूवाला कल्लाप्पा,
त्याचं कपाळ भिंतीवर आपटू नये म्हणून
मधे माझा तळहात.
तेवढ्यात बायकांकडं
रायबागची ती पोर, येऊन तीन दिवस झालेली,
नळाखाली जाऊन बसली. नळ चालू.
मला कळलं ते पहाटे, भांबावून पळत आले तेव्हा.
लगमव्वा तिला चादरीत गुंडाळून बसलेली,
तिचे पाय आपल्या मांडीत घेऊन,
एकच प्रश्न परत परत:
निद्दे बंता? झोप आली का गं?
निद्दे बंता?
पोरीचे ओठ निळे, पण हुंकार भरत होती.

घटना घडल्यास त्या वेळी ड्यूटीवर कोण, ते लिहायचं असतं.
लगमव्वा म्हणजे खाट क्रमांक सतरा.
तिचं नाव त्या जागी लिहिलं तर माझी नोकरी जाईल,
न लिहिलं तर
पेनाचं टोपण लावलं. काढलं.
माझं लिहिलं.
माझा तळहात सुजला होता, अक्षर वाकडं आलं.

सहाला भरमाण्णा हजेरी घेतो.
यार अदीरी? कोण कोण आहात?
अदीन्री, गंगव्वा.
अदीन्री, फरीद.
मग तो सरकारच्या नऊ जागाही पुकारतो,
नंबरानं, नावं नसल्यामुळं.
नर्स सहा.
थांबतो. दाराकडं बघतो.
पहिली यष्टी लेट असेल, म्हणतो, आणि पुढं जातो.
नर्स सात.

माझं नाव आलं तेव्हा मी पलीकडं होते,
बेसिनखाली हात धरून.
लगमव्वानं माझ्या वतीनं सांगितलं,
अदाळ्री.
आहे ती.