शिफ्ट

बेलापूरच्या ऑफिसात, दुपारी साडेतीनला
भाषांतराच्या कागदावर अडला एक शब्द.
शिफ्ट.

तसा रोज तोंडात असतो.
रबाळ्याच्या कंपनीत भाऊ थर्ड शिफ्टला,
तिथे तो म्हणजे पाळी,
पण पाळी म्हटलं की वहिनी हसते.
शेजारचे कुलथे घणसोलीहून खारघरला शिफ्ट झाले,
टेम्पोत फ्रीज उभा, तुळस मांडीवर;
ते बिऱ्हाड हलवणं. त्याचे पेढे असतात.

माझ्या कागदावर
गावं शिफ्ट करायची होती.

स्थलांतर लिहिलं,
तर खाडीतले रोहित आठवले,
दर वर्षी येणारे, जाणारे.
खोडलं.
हलवणं, चहातली साखर.
सरकवणं, खुर्ची.
विस्थापन:
असा शब्द घेऊन कुणी रडल्याचं ऐकिवात नाही.

साहेब म्हणाले, शिफ्टच ठेवा की,
मराठीच झालाय तो. सगळ्यांना कळतो.
ठेवला.

रात्री बाबांना विचारलं.
हसुराम घरत, वय ब्याऐंशी,
मच्छरदाणीची दोरी खिळ्याला बांधत होते.
आपलं गाव गेलं तेव्हा
तुम्ही काय म्हणायचात त्याला?

"काय म्हनायचा? गाव उठला."

उठला.
म्हणजे पंगतीतून उठावं तसा,
हात खरकटा, पानात भात तसाच,
वाढपी अजून पुढच्या ओळीत.

कागद तर सहीला गेला होता.
बाबांनी गाठ सोडली,
दोरी दोन बोटं वर घेऊन
पुन्हा बांधली.