शून्य पूर्णांक शून्य दोन

भोसरीत आमची सुट्टी गुरुवारची.
तिकडच्या नव्या राष्ट्राध्यक्षाला हे कुणी सांगितलेलं नसावं,
कारण तो नेमका त्यांच्या बुधवारी संध्याकाळी बोलतो,
आमची गुरुवारची पहाट नासवतो,
आणि दूध तापत असताना लांडगेसाहेबांचा फोन:
"तापकीरबाई, या जरा. पेट्या परत उघडायच्यात."

मी मापं घेते. एकोणीस वर्षं झाली.
पितळी बुश, आतलं भोक बारा मिलिमीटर,
फरक चालतो शून्य पूर्णांक शून्य दोन.
केस उभा चिरून त्याचे तीन भाग केले
तर त्यातला एक, साधारण तेवढा.
गेजचं गो टोक आत गेलं पाहिजे,
नो-गो टोक जाता कामा नये.
गेलं, तर लाल ठिपका आणि भंगाराचा ट्रे.
बुश कधी म्हणत नाही
की बाई, तुमचं गेजच विकलं गेलंय.

तो म्हणाला जकात पंचवीस टक्के.
जेवून उठला आणि पन्नास म्हणाला.
मग म्हणाला, असं मी बोललोच नव्हतो,
जे बोललो ते तुम्हाला झेपलं नाही,
आता झेपलं असेल तर चाळीस दिवस थांबा.
आमचे दोन कंटेनर न्हावाशेव्याला उभे,
भाडं मात्र थांबत नाही.

कुदळेकाका खिळे उपसता उपसता बातम्या सांगतात.
जुन्या मित्रदेशांना त्याने भर सभेत फुकटे म्हटलं.
कुणाचं तरी बेट मागितलं,
शेजारणीच्या कुंडीतला कढीपत्ता मागावा तसं,
आणि नाही म्हटल्यावर कुंडीच फोडायची धमकी.
त्याचा परराष्ट्रमंत्री विमानात असतानाच त्याने काढून टाकला:
उडाला तेव्हा मंत्री होता,
उतरला तेव्हा प्रवासी.
"आमचा थोरला असाच," काका म्हणतात,
"बांधावरून वर्षभर भांडायचा,
आणि मोजणीला माणूस आला
की स्वतःच विचारायचा, बांध कुठाय?"
हसलो आम्ही. हसत हसत
तीनशे लेबलं खरवडली.

रात्रपाळी बंद झाली त्याच आठवड्यात.
सोपान गुट्टे, परळीचा, सीएनसीवर होता.
लांडेवाडीत खोली घेतली होती, डिपॉझिट उसनं.
त्याला त्या अध्यक्षाचं नाव नीट म्हणताही यायचं नाही,
दर वेळी वेगळं म्हणायचा,
आणि दर वेळी ते अधिक बरोबर वाटायचं.
नाशिक फाट्यावरून बसने गेला.
सायकल शेडमध्ये ठेवून गेलाय.
"बोलावतील ना बाई?"
मी म्हटलं, बोलावतील.
माझं हे माप चुकलेलं असू शकतं.

रात्री घरी पर्समधून गेज निघालं.
आणायला नको होतं, घाईत राहून गेलं.
टीव्हीवर तोच, आवाज बंद केलेला,
बोट नाचवत, तोंड उघडून.
उचलली जीभ की लागलीच टाळ्याला.
मी उठले आणि नो-गो टोक धरलं पडद्यावर,
त्या तोंडासमोर.
सबंध गेलं आत. वर जागा उरली.
लेक म्हणाली, आई, वेड लागलंय तुला?
लाल ठिपका मात्र कुठे द्यायचा ते कळेना.
टीव्हीचे हप्ते चालू आहेत.

आमच्या गेजलाही वर्षातून एकदा
चिंचवडच्या लॅबमध्ये जावं लागतं.
तिथे एक अबोल मुलगा त्याला तपासतो,
झिजलं असेल तर कागदावर तसं लिहितो,
आणि मग लांडगेसाहेबांचं काही चालत नाही.
त्या देशातही असा मुलगा असेल.
असलाच पाहिजे.
की तोही विमानात होता?

शुक्रवार. पहिली पाळी.
नवा दर आलाय म्हणे, साहेब केबिनमध्ये फोनवर आहेत.
मी ट्रे पुढे ओढते.
गो. गो. गो.
शेडमध्ये सोपानच्या सायकलचं
मागचं चाक बसलंय.
हवा भरून ठेवायला सांगितली पाहिजे.