बिटकी

सावईवेऱ्याला आमच्या मागीलदारी
एक बिटकीचं झाड आहे.
बिटकी म्हणजे नाव नसलेला आंबा,
कापायचा नाही, चोखायचा.
अकरा वर्षं त्याला फळ नव्हतं, मला दात नव्हते,
तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

त्याची पश्चिमेची फांदी प्रेमावतीबरोबर गेली.
दारात उभी राहून माणसं विचारत होती, कधी उचलणार?
मला वाटलं, पलंगाचं विचारतायत.
म्हटलं, राहू दे, मला झोपायला लागेल.

थोरला वास्कोहून आला की म्हणतो,
बाबा, हे तोडूया, कौलांवर पडेल.
परवा मी म्हटलं, थांब, माझ्या वेळेला लागेल.
तो गप्प झाला. सून आत गेली
आणि तिनं रिकामाच मिक्सर लावला.

मग मीच बाबल्याला बोलावलं, अंदाज घ्यायला.
त्यानं बुंध्याला टेप लावली,
मग माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत,
शिंपी पाहतो तसं.
"मास्तर, तुमका इतलें कित्याक?
एक खांदी पुरे. सुकलात हो तुम्ही.
उरल्याचं कपाट होईल."
किती कप्प्यांचं?
"तीन. आणि खाली एक ड्रॉवर."
ड्रॉवरमध्ये काय ठेवायचं
यावर आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बोललो.

फोंड्याचे डॉक्टर म्हणतात, मीठ सोडा, लोणचं सोडा,
रात्री उठून विहिरीवर जाणं सोडा.
हे सगळं सोडून झाल्यावर शेवटी काय सोडायचं
ते मात्र सांगत नाहीत. सुट्टे पैसे मागतात.

मिंगेल पोदेर पहाटे भोंपू वाजवतो.
मी दोन बोटं दाखवतो, तो दोन पोयी देतो,
एवढाच आमचा संवाद.
एकदा मला उठायला उशीर झाला
तर खिडकीशी येऊन हळूच विचारतो,
"मास्तर, आज दोन की चाळीस?"

आणि यंदा फेब्रुवारीत झाड मोहरलं.
म्हटलं, या वयात हे चाळे? लोक काय म्हणतील?
उत्तरादाखल त्यानं
माझ्या टकलावर थोडा मोहर झाडला.

मे महिन्यात एका रात्री कौलांवर धप्प.
मी अंधारात उठून बसलो.
म्हटलं, आलास? दार नुसतं लोटलंय.
वहाणा बाहेर काढ. रेडा त्या पलीकडच्या माडाला बांध,
अलीकडच्याचं आळं मी कालच केलंय.

बराच वेळ कोणी आलं नाही.
रेडाही हंबरला नाही.

उजाडल्यावर पाहिलं तर अंगणात एक बिटकी,
कौलावर आपटून एका गालाला फुटलेली.
राखेसारखी धूळ पुसली, देठ खुडला, चीक पिळून टाकला
आणि उभ्या उभ्या चोखली.
आंबट होती. प्रेमावतीला आवडली असती,
तिला सगळंच आंबट आवडायचं, म्हणून तर माझ्याशी टिकली.

बाबलो आला, कुऱ्हाड नव्यानं पाजवून.
वर पाहिलं, खाली पाहिलं.
मी त्याला पंचात अकरा बिटक्या बांधून दिल्या.
कोपरापर्यंत रस ओघळत म्हणाला,
"आता कपाटाचं काय करायचं?
गिऱ्हाईकाकडून आगाऊ घेतलाय मी."
म्हटलं, गिऱ्हाईक कोण?
तर म्हणे, तुमचा थोरला.

हसून हसून मला ठसका लागला.
बाबल्यानं पाठ चोळली, पण एक डोळा झाडावर ठेवून.

काल रात्री पुन्हा धप्प.
मी कूस बदलली.
सकाळी उचलू.