साठ लिटर

वडगावात, माग विकला त्या कोपऱ्यात
आता साठ लिटर समुद्र आहे.
मीठ पुडीतलं, लाटा मोटारीच्या.

मल्लेशी म्हणाला, निळा नको, भांडखोर.
पिवळा वाढतो, घुसमटेल.
जोकर? तो सगळेच नेतात.
मग वाकून दाखवला बोटाएवढा गोबी
आणि त्याच्या बिळातला झिंगा, आंधळ्यागत.
"हा खणतो, तो राखण करतो.
ह्याची मिशी कायम त्याच्या शेपटीवर."
बोलतात कशात?
"यारिगे गोत्तु," हसला तो.

दोन दिवस दोघंही दिसेनात.
सरोजा म्हणाली, पैसे पाण्यात.

तिसऱ्या रात्री वीज गेली, मोटार थांबली,
आणि झिंग्यानं नांगी वाजवली:
खट्.

अंथरुणात दोघंही उठून बसलो.
धोटा अडकला की
अस्साच वाजायचा.