टिंबाचा रकाना

सियागंजात दुपारी हिंगाचा वास
कीबोर्डच्या फटींत उतरून बसतो.
मी तो उलटा धरून झटकते,
आणि पुन्हा नावं जुळवायला घेते:
सनावद, सनावाद, सणावद,
आणि कुणीतरी घाईत लिहिलेलं नुसतं ‘तिकडचं’.
गाव एकच, दुकान एकच.
यंत्राला मात्र ती चार गावं वाटतात,
चारही गावांना ते जिरावण धाडू म्हणतं.

राजवाला मसाल्यांची तीन पिढ्यांची खतावणी,
देवास नाक्यावरच्या धालीवालांची ट्रकांची रोजनिशी,
आणि सुपर कॉरिडॉरच्या काचेच्या मजल्यावरून आलेली
यंत्र शिकवणारी चार मुलं.
अशी तिघांची भागीदारी.
करार एकोणसाठ पानांचा,
त्यात ‘गोपनीय’ सदतीस वेळा,
‘विश्वास’ एकदाही नाही.
मी मोजलंय. मला पगारच मोजण्याचा.

बोरी म्हणजे किती?
आमच्याकडे पन्नास किलो, ट्रकवाल्यांकडे चाळीस,
काचेच्या मजल्यावर ‘एक नग’.
या एका शब्दावर अडीच आठवडे बैठका झाल्या.
शेवटी मुर्तझाभाईंनी धण्याची खरी बोरी आणून
टेबलावर आदळली, काटा मागवला.
त्रेचाळीस भरली.
कुणीच खोटं बोललं नव्हतं,
म्हणून तर कुणालाच काही बोलता येईना.

पहिले काही महिने प्रत्येकाने आपला एक रकाना लपवला.
आम्ही परत आलेल्या मालाचा,
धालीवालांनी भेरूघाटात अडकलेल्या रात्रींचा,
मुलांनी, यंत्र किती वेळा चुकतं, त्याचा.
मग एका शनिवारी हरप्रीतबाईंनी
घाटातल्या रात्रींची वही पाठवून दिली,
न मागता, चिठ्ठीशिवाय.
मी मुर्तझाभाईंकडे पाहिलं.
ते चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, दे आपलाही.
सोमवारी मुलांचा आकडा आला: दहांत चार.
करारावर तारीख मार्चची आहे.
माझ्या डायरीत त्या शनिवारची.

यंत्र हळूहळू शहाणं झालं.
दिवाळीआधी खरगोनला किती, महूला किती, अचूक सांगू लागलं;
महूचं नाव बदललंय हेही मी त्याला शिकवलं.
आणि एका मंगळवारी ते म्हणालं:
खातं अकराशे सात, बडवाह, भागवंतीबाई किराणा.
दोन वर्षं उशीर. माल थांबवा.

गेंदालालजी निवृत्त मुनीम,
तरी रोज येतात, आपल्याच जुन्या खुर्चीत बसतात.
पडद्यावरचं नाव वाचून ते उठले,
कपाटातून मूळ वही काढली.
नावापुढे पेन्सिलीचं टिंब.
पानांचे फोटो घेताना
ती टिंबं मी धूळ समजून पुसली होती,
सगळी मिळून तीनशे अकरा.
स्वच्छतेचं बक्षीस मिरवणाऱ्या शहरात
मीही माझ्या वाट्याची सफाई केली होती.

टिंब म्हणजे काय, मी विचारलं.
‘लिखवा की वात नी हे, बेन.’
चहा निवेपर्यंत गप्प राहिले, मग म्हणाले,
या घरातलं कुणी गेलंय.
पैसे येतील. आपण विचारायचं नाही.

नव्या रकान्याला तिघांची संमती लागते.
काचेच्या मजल्यावरच्या ओजस्विनीनं विचारलं,
यात काय भरायचं, आकडा की मजकूर?
मी म्हटलं, टिंब.
आणि रिकामा असेल तर?
तर रिकामा.
ती थोडा वेळ काहीच टाइप करत नव्हती.

आता संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं की
मी मूळ वह्या उघडते, एकेक टिंब परत लावते.
एकशे ऐंशी झालीत.
काही खरंच धूळ निघतात;
गेंदालालजी बोटानं पुसून दाखवतात.

काल हरप्रीतबाईंचा फोन आला:
आमच्या ड्रायव्हरांच्या यादीतही
काही नावांखाली वडिलांनी रेघा ओढल्यात,
कशाच्या ते आता कुणाला ठाऊक नाही.
पाठवू का?

पाठवा, म्हटलं.
पुसू नका फक्त.