एक पाटा कमी

ओव्हिद, भाच्याचं ऐकू नकोस.
गाडी चार इंच उचलायची, चकचकीत मोठी रिम,
तिच्याभोवती ओठाएवढा टायर –
ते रविवारी मिरवायला ठीक.
खड्ड्यात पहिला मार टायरचा गाल खातो.
गाल भरलेला हवा.

अकराव्या वर्षी मी बापाच्या हाताखाली
या गॅरेजात नखं काळी केली, तेव्हा तो म्हणाला होता:
थुई, न्यू ऑर्लिन्सच्या पोटात दगड नाही, दलदल आहे.
रस्ता रोज थोडा खचतो,
थोडा ओकच्या मुळांनी फुगतो.
म्हणजे अख्खं शहर स्प्रिंगवर बसलंय
आणि शॉक बसवायचे राहून गेलेत.

तुमच्या गल्लीतल्या खड्ड्यात कुणी केळ लावली,
ती व्यायला आली, तरी पालिका आली नाही.
आणि त्या पलीकडच्या मोठ्या रस्त्याचं नाव काय,
तर एलिझियन फील्ड्स! स्वर्गातली कुरणं!
नाव देणारा बहुधा नावेतून आला असेल.

आता खाली ये. टॉर्च धर.
हे पाटे. पाच. उलट्या उतरंडीसारखे,
लांबाखाली आखूड.
सगळ्यात खालचा जाड, सरळ, तो एरवी नुसता पडून असतो,
ओझं हाताबाहेर गेलं तरच हात लावतो.

तीस वर्षं तू यांच्यावर प्लास्टर वाहिलंस, वाळू,
छताच्या गोल नक्षीचे साचे, शिड्या,
तेव्हा कधी म्हणालास, धक्के बसतात म्हणून?
ट्रक भाराच्या मापाने बेतलेला असतो.
रिकामा झाला की उडतो, आदळतो,
क्षुल्लक भेगेवरही डाफरतो –
जसा तू, गेल्या मार्चपासून,
हातात थापी नसल्यापासून.
रागावू नकोस. नेड्रानेच सांगितलं.

आता यात नेड्राच बसते.
मंगळवारी, शुक्रवारी. कण्यात सहा स्क्रू,
पाठीशी उशी,
आणि दारावरच्या मुठीला लटकलेला हात
इस्पितळ येईपर्यंत सुटत नाही.

तर ऐक. चौथा पाटा मी काढते.
हवेचे फुगे नकोत, तुला आता काही ओढायचं नाही.
शॉक नवे. फार कडक घेशील तर तिला भेगा मोजत जावं लागेल,
फार मऊ घेशील तर ट्रक पुलावर होडीसारखा डुलेल,
मळमळेल तिला.
कागदावर ठरत नाही हे. चालवून बघायचं.
मागच्या टायरची हवा पंचावन्नवरून अडतीसवर.
आणि मागे, बरोबर आसावर,
अडीचशे पौंड काहीतरी ठेव. वाळू चालेल.

*

सोमवारी आला. वाळू नव्हती आणली.
प्लास्टरची पाच पोती होती, शेडमध्ये
ओल धरून दगड झालेली,
कागदाची चुणीसुद्धा दगडात उतरलेली.
"भिंतीला लागायची राहिली," म्हणाला. "फेकवत नाहीत."

आम्ही ती आसावर रचली, पट्ट्यांनी आवळली.
ट्रक बोटभर खाली बसला.
लोखंड सुस्कारा वगैरे सोडत नाही, मला माहीत आहे.
पाट्यांमधून किरकिर आली. मी ग्रीस लावलं.
तो बराच वेळ मागच्या फळीवर हात ठेवून उभा होता,
ओल्या भिंतीवर ठेवावा तसा,
सुकली का बघायला.

मंगळवारी फोन. नेड्राचा.
कपाला मुद्दामच झाकण लावलं नव्हतं, म्हणाली.
जेंटिलीच्या रुळांपर्यंत थेंब नाही.
रुळांवर मात्र सांडली, थेट त्याच्या पँटवर.
"एवढी तर मी घरी बसूनही सांडते.
पण त्याला सांगू नकोस हं, थुई, की बरं वाटलं.
आधीच इतका हळू चालवतो,
मागून सायकलवाले शिव्या देतात."