वहीची मागची पानं

वखारीतली केळीच्या वजनाची वही
मागून उघडली.
तडवी मॅडम म्हणाल्या होत्या, तीन रकाने पाडा:
आधी काय झालं,
भावेशनं काय केलं,
मग तुम्ही काय केलं.

तिसरा रकाना आठवडाभर कोराच.
आपलं काय लिहायचं भो,
ताट त्यानं फेकलं, चावला तो.

मंगळवार. मिक्सर. किंचाळला. मोबाईल दिला.
बुधवार. लाइट गेली, पंखा थांबला. चावला. मोबाईल दिला.
गुरुवार. पाहुणे म्हणाले, लाडावलाय. ताट फेकलं.
एक चापट.
हे लिहायला दोन दिवस लागले.
हेमलताला म्हणालो, रिफिल संपली होती.

शुक्रवारी मोबाईल खिडकीत उभा,
जळगावहून मॅडम माझ्या कानात:
खाली बसा. विचारू नका, शिकवू नका.
तो करतोय तेवढंच बोला.

'भावेश झाकण फिरवतोय.
निळं झाकण फिरतंय.'
सावद्यात काट्यावर ओरडणारा मी,
माझा आवाज मलाच ओळखू येईना.
झाकण गरगरत माझ्या गुडघ्याशी आलं.
त्यानं माझं बोट धरलं
नि झाकणावर ठेवलं.

काल शेवभाजीचं वाटण चालू होतं.
तो कान दाबत आला,
फ्रिजवरचं लाल हाताचं चित्र ओढलं
नि ओट्यावर टाकलं.
हेमलतानं बटण बंद केलं.
खोबरं अर्धंच वाटलेलं.
रात्री भाजी भरड लागली,
दोनदा वाढून घेतली.

आज सकाळी पुन्हा चावला.
तेही लिहिलं.
तिसऱ्या रकान्यात:
हात सोडवला. बसून राहिलो.